सैनिकाच्या घरी जाणारे दोघे

'मिशनरी' हा शब्द उच्चारला की आपल्याकडे डोळ्यांसमोर येतो तो दूरदेशाहून आलेला पाद्री, त्याचा दवाखाना आणि त्याची शाळा. जालन्याचे मिशन हॉस्पिटल किंवा मिरजेचे वॉनलेस हॉस्पिटल यांची नावे जुनी माणसे आजही आदराने घेतात. परंतु लोकांच्या हितासाठी घर सोडून लोकांकडे जाण्याची परंपरा या भूमीत त्याहून पुष्कळ जुनी आहे. तथागत बुद्धांनी सारनाथच्या पहिल्या वर्षावासानंतर साठ भिक्खूंना चारी दिशांना पाठविले आणि दोघांनी एका वाटेने जाऊ नये, असेही सांगितले. माणसे थोडी होती आणि वाटा पुष्कळ होत्या, हा त्यामागचा विचार असावा.

मी ज्या दोघांविषयी लिहितो आहे ते मात्र नेहमी एकाच वाटेने गेले. त्यांना ज्या घरांत जायचे होते, तेथे घरधनी सीमेवर असे. अशा घरी एकट्या पुरुषाने वरचेवर जाणे गावाला रुचले नसते. आणि सैन्याच्या कागदपत्रांपुढे एकट्या बाईचे काही चालले नसते. म्हणून ते जोडीनेच निघत. कुरुंदा आणि वसमत परिसरातील आपल्या समाजात त्यांना सुभेदारमामा आणि मामी याच नावांनी ओळखत. आपले नाव कोठे छापून येऊ नये, असे मामा निक्षून सांगत, म्हणून या स्मरणिकेतही मी ते लिहीत नाही. आपल्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांना ते ओळखू येतील. इतरांना त्यांचे काम कळले, तरी पुरेसे आहे.

मामा महार रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून १९९० च्या सुमारास निवृत्त झाले. निवृत्तीनंतर बहुतेक माणसे करतात ते त्यांनीही केले: घराची डागडुजी केली, दोन एकरांत हळद लावली, विहाराच्या बांधकामाला हातभार लावला. पण त्यांचे खरे दुसरे आयुष्य सुरू झाले ते एका दोनशेपानी वहीपासून. त्या वहीत परिसरातील प्रत्येक सैनिकाच्या घरासाठी एक पान होते. वर सैनिकाचा नंबर, हुद्दा, पलटण आणि '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' असा पत्ता, खाली पत्नीचे नाव सैन्याच्या दप्तरी जसे नोंदले आहे अगदी तसे, मुलांच्या जन्मतारखा, शेवटचे पत्र कधी आले, मागची रजा कधी मिळाली, घरात कोण आजारी आहे. एके काळी त्या वहीत वीस-बावीस घरे होती. महिन्यातून एकदा तरी प्रत्येक घरी जायचे, असा त्यांचा नेम होता. मामा लुना चालवीत आणि मामी मागे पिशवी सांभाळून बसत. पिशवीत आंतरदेशीय पत्रे, कोरे कागद, शाईचे पॅड, गोंदाची बाटली आणि कोणा लेकरासाठी शेंगदाण्याचे लाडू असत.

हे काम सैन्यातल्या माणसानेच का करावे, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर आपल्या इतिहासात आहे. सैन्य ही आपल्या पूर्वजांसाठी केवळ नोकरी नव्हती. गावगाड्याबाहेर पडण्याची ती पहिली वाट होती. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, महूच्या लष्करी शाळेत शिक्षक होते, आणि त्या छावण्यांत सैनिकांच्या मुलांना व मुलींनाही शिक्षण सक्तीचे होते. पुढे १८९० नंतरच्या काळात महारांची सैन्यभरती बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी अर्ज केला. त्यानंतर शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे गाऱ्हाणे मांडले. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, ती १९२१ मध्ये मोडली गेली. बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर असताना, १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. आज त्या रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे आणि तिच्यात देशाच्या सर्व भागांतील जवान आहेत. श्रीलंकेत नोव्हेंबर १९८७ मध्ये धारातीर्थी पडलेले परमवीरचक्र विजेते मेजर रामस्वामी परमेश्वरन याच रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे.

हा इतिहास आपण १ जानेवारीला आणि १४ एप्रिलला अभिमानाने सांगतो. मामाही सांगत, पण ते त्याला एक वाक्य जोडत. "भरतीचा हक्क मिळवायला पन्नास वर्षं लागली. आता भरती झालेल्याचं घर सांभाळायला कोण लढणार?" हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची मोठी छावणी होती, ती १९०३ पर्यंत राहिली. सैन्य आपल्या जिल्ह्याने शंभर-दीडशे वर्षे पाहिले आहे. पण छावणीचा इतिहास लिहिला जातो, कवायतीचे मैदान नकाशावर राहते. छावणीतून कूच झाल्यावर मागे राहिलेल्या बायका-मुलांनी दिवस कसे काढले, हे कोणत्याही गॅझेटियरमध्ये सापडत नाही.

बाप परगावी असणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आठवणींत १९०१ च्या सुमाराचा प्रसंग आहे. सैन्यातून निवृत्त झालेले रामजीबाबा तेव्हा दुष्काळी कामावर खजिनदार होते आणि मुले साताऱ्यात आत्याजवळ राहत होती. मुले बापाला भेटायला निघाली, त्यांनी आगाऊ पत्रही धाडले. पण ते पत्र रामजीबाबांच्या हाती पडलेच नाही. मसूर स्टेशनावर नवे कपडे घातलेली ती लेकरे उतरली, तेव्हा त्यांना घ्यायला कोणी आले नव्हते. पुढे जात कळल्यावर गाडीवानांनी त्यांना कसे वागविले, रात्र त्यांनी तहानेने कशी काढली, हे आपण सर्वांनी वाचले आहे. अस्पृश्यतेचा दाह सांगण्यासाठी आपण ही हकिकत वाचतो, आणि ते योग्यच आहे. मामी मात्र ती ऐकली की दर वेळी म्हणत, "एक पत्र पोचलं असतं, स्टेशनावर एक आपलं माणूस असतं, तर लेकरांचे एवढे हाल झाले नसते." मामा-मामींच्या साऱ्या कामाचे सार या एका वाक्यात होते. पत्र पोचले पाहिजे आणि स्टेशनावर आपले माणूस असले पाहिजे.

या ध्यासाचे मूळ १९७१ सालात होते. मामी त्याबद्दल क्वचितच बोलत. वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चाले. एका संध्याकाळी पंचशीलातील चौथ्या शीलावर बोलणे निघाले असताना त्यांनी आम्हा पाच-सात जणांना ते सांगितले. त्या वर्षी मामा नाईक होते आणि पलटणीसह सीमेवर गेले होते. मामींचे पहिले मूल आठ महिन्यांचे होते. थंडीच्या दिवसांत त्याला घटसर्प झाला आणि दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरविले की, लढाईच्या तोंडावर मुलाच्या बापाला हे कळवायचे नाही. त्याचा हात कापेल. मामींना तेव्हा लिहिता येत नव्हते. गावातले एक गुरुजी पत्र लिहून देत. पुढचे दोन महिने मामी त्यांच्यासमोर बसत आणि ते लिहीत: बाळ खुशाल आहे, बाळाला दात आले आहेत, बाळ बसू लागले आहे. "मी एकदा मूल पुरलं आणि मग दर आठवड्याला कागदावर वाढवलं," इतकेच मामी म्हणाल्या. लढाई संपल्यावर मामा रजेवर आले, तेव्हा त्यांच्या पेटीत लोकरीची टोपी होती.

दुसऱ्या वर्षी मराठवाड्यात १९७२ चा दुष्काळ पडला. मामींनी खडी फोडली, सुकडी खाल्ली आणि रोजगाराच्या कामावरून परतल्यावर रात्री कंदिलाच्या उजेडात त्या अक्षरे गिरवायला शिकल्या. आपले पत्र यापुढे आपणच लिहायचे, दुसऱ्या कोणी खोटे लिहू नये आणि आपल्याला कोणी खोटे लिहायला लावू नये, यासाठी. आपल्याकडे स्त्रीशिक्षणाची अनेक कारणे सांगितली जातात. हे कारण मी दुसरीकडे कोठे ऐकलेले नाही.

म्हणूनच त्या दोघांच्या कामाचा पहिला नियम होता: सैनिकाला घरचे खरे कळवायचे आणि घराला सैनिकाचे खरे कळवायचे, पण ज्याला सांगायचे त्याच्याजवळ कोणीतरी बसलेले असले पाहिजे. चौथे शील पाळायचे, पण करुणा सोडायची नाही. घरी दुःखद बातमी असेल तर मामा प्रथम सैनिकाच्या पलटणीतील सुभेदार साहेबांना पत्र लिहीत, जवानाला बोलावून, शेजारी बसवून सांगावे अशी विनंती करीत, आणि मगच घरचे पत्र जाऊ देत. पत्रांवर क्रमांक घालायला त्यांनी घराघरांत शिकविले होते. सीमेवर डाक गठ्ठ्याने पोहोचते, दहावे पत्र आठव्याच्या आधी हाती पडते. आईला बरे वाटल्याचे आधी वाचावे आणि आजार नंतर कळावा, असे होते. क्रमांक असला की जवान गठ्ठा लावून वाचतो. गोष्ट साधी आहे; पण ती सांगायला कोणीतरी घरी यावे लागते.

१९९९ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेला परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा जन्माला आला, आणि त्याच महिन्यात कारगिलच्या लढाईच्या बातम्या येऊ लागल्या. नव्या जिल्ह्याची कार्यालये अजून पुरती उभी राहिलेली नव्हती. कामासाठी माणसे अजून परभणीचीच एसटी धरीत. त्या उन्हाळ्यात प्रथमच लढाई दूरदर्शनवर दिसू लागली आणि तिरंग्यात लपेटलेल्या शवपेट्या थेट गावोगावी येऊ लागल्या. एका दुपारी पोलिसांची जीप पांदीने गावाकडे येताना दिसली, तेव्हा सैनिकांच्या तीन घरांत चुली विझल्या. जीप चोरीच्या तपासासाठी आली होती. त्या दिवसानंतर मामा पोलीस ठाण्यात गेले आणि अधिकाऱ्यांना त्यांनी हात जोडून विनंती केली की, या आठ-दहा गावांत शिरताना आधी सैनिकाच्या घरी 'आम्ही दुसऱ्या कामाला आलो आहोत' एवढा निरोप धाडत जा. ती विनंती त्या उन्हाळ्यापुरती पाळली गेली.

त्यानंतर आले ते ऑपरेशन पराक्रम. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला आणि सैन्य पश्चिम सीमेवर गेले, ते सुमारे दहा महिने तेथेच राहिले. युद्ध झाले नाही. म्हणून त्या दहा महिन्यांची आठवणही फारशी कोणाला नाही. पण रजा बंद झाल्या होत्या, आणि सुरुंग पेरताना व काढताना अनेक जवान दगावले. माझे वडील त्या वेळी राजस्थानच्या सीमेवर होते आणि मी आपल्या शाळेत आठवीत होतो. पालकभेटीच्या रविवारी इतर मुलांचे आईवडील भाकरी, चटणी आणि तिळाचे लाडू घेऊन येत. आम्ही सैनिकांची चार मुले होतो. आमच्या आया शेतात मजुरी करीत, त्यांना दर वेळी येणे जमत नसे. जानेवारीपासून त्या रविवारी वसतिगृहाच्या ओट्यावर मामा-मामी येऊन बसू लागले. चौघांच्या वह्या ते पाहत, चौघांची नखे पाहत, आणि शेवटी प्रत्येकाकडून बापाला चार ओळींचे पत्र लिहवून घेत. 'आम्ही मजेत आहोत' असे लिहिले की मामा विचारीत, "मजेत म्हणजे काय? गणितात किती मार्क पडले ते लिही. बापाला आकडा पाहिजे." आकडा मिळाला की बाप घर पाहू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते.

त्याच उन्हाळ्यात माझी आजी वारली. वडिलांना येता येणार नव्हते. मामांनी ती वार्ता आपल्या पद्धतीने पाठविली आणि त्यामागून तीन पानी पत्र धाडले. त्यात शोकाचे शब्द थोडे होते. तिरडीला खांदा कोणी दिला, कोणत्या गावाहून कोण आले, बौद्धाचार्यांनी विधी कसा केला, जलदानाला किती माणसे जेवली, किराणा कोणाच्या दुकानातून उसना आणला आणि तो कधी फेडायचा, आजीने शेवटच्या दिवशी काय खाल्ले, सगळे क्रमवार लिहिले होते. वडील निवृत्त होऊन आले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत ते पत्र होते. घड्यांवर फाटलेले, चिकटपट्टीने जोडलेले. आपण आईच्या मयतीला नव्हतो, असे ते कधीच म्हणाले नाहीत. "मी वाचून गेलो होतो," असे म्हणत.

मामांच्या वहीचे मोल मात्र सर्वांत अधिक कळले ते एका दुसऱ्या घरात. त्या वर्षाच्या आरंभी एका तरुण जवानाचे लग्न झाले होते. विहारात मंगल परिणय झाला आणि पंधराच दिवसांत त्याला पलटणीत परत जावे लागले. सैन्यात लग्न नुसते होऊन चालत नाही. त्याची नोंद पलटणीच्या 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये निघावी लागते आणि पत्नीचे नाव त्याच्या कुटुंबपत्रकात चढावे लागते. ते झाले नाही, तर सैन्याच्या लेखी ती बाई कोणीच नसते. मामांनी पहिल्याच भेटीत सून आणि सासऱ्यांना समोर बसवून विचारले, "कागद गेले का?" कागद गेले नव्हते. विवाहाचा दाखला, जोडीचा फोटो, तहसीलचे प्रतिज्ञापत्र, सारे गोळा करून त्यांनी ते रजिस्टर टपालाने पाठविले. एकदा ते नावातील एका वेलांटीवरून परत आले, पुन्हा पाठविले. चार महिन्यांनी नोंद निघाली. त्यानंतर काही आठवड्यांनी तो जवान तळावरच्या अपघातात गेला. मुलगी एकोणीस वर्षांची होती.

पुढचे महिने त्या घरात फार कठीण गेले. पेन्शन सुनेच्या नावावर आली. म्हाताऱ्या आईबापांना वाटले की, ज्याला आपण वाढविले त्याचे सारे काही महिन्याभराच्या परक्या पोरीला मिळाले. धाकट्या दिराशी तिचे लग्न लावून द्यावे, म्हणजे घरचे घरात राहील, असेही नातलगांत ठरू लागले. येथे कोणी दुष्ट नव्हते. दोन्ही बाजूंनी माणसे उघडी पडली होती. मामा-मामी त्या घरी महिन्यातून एकदा जात असत, ते आता दर आठवड्याला जाऊ लागले. मामी मुलीजवळ बसत, मामा म्हाताऱ्याजवळ. पहिले कित्येक आठवडे त्यांनी पैशाचा विषयच काढला नाही. शेवटी एक दिवस मामींनी सर्वांसमोर त्या मुलीला विचारले, "बाई, तुला काय पाहिजे?" त्या घरात हा प्रश्न तिला तोवर कोणी विचारलाच नव्हता. तिला शिकायचे होते. तिने नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्ण केला. सासूसासऱ्यांना दरमहा ठरावीक रक्कम देण्याचे तिने स्वतःहून कबूल केले आणि सासू गेली तेव्हा उशाशी तीच होती. सासऱ्यांचा राग मात्र पुरता कधीच गेला नाही. मामा म्हणत, "सगळ्या गाठी सुटत नसतात. दोरी तुटू द्यायची नाही, इतकंच आपलं काम."

सैन्यात जवानांसाठी धर्मशिक्षक असतात. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री असतात, बौद्ध भिक्खूही असतात. सैनिक कल्याणाची कार्यालये आहेत, ७ डिसेंबरला ध्वजदिन निधी गोळा होतो, सैन्याधिकारी आणि जवानांच्या पत्नींची संघटना १९६६ पासून काम करते. हे सारे मोलाचे आहे. पण धर्मशिक्षक तळावर असतो, कार्यालय जिल्ह्याला असते, आणि घर पांदीच्या टोकाला असते. हे अंतर इतर देशांनाही जाणवले आहे. अमेरिकेतील लॅटर-डे सेंट्स या ख्रिस्ती पंथात नोकरी-व्यवसायातून निवृत्त झालेली वयस्क दांपत्ये स्वखर्चाने लष्करी तळांजवळ जाऊन राहतात आणि मोहिमेवर गेलेल्या सैनिकांच्या बायकामुलांना आधार देतात. त्यांचा धर्म वेगळा, हेतूत धर्मप्रसारही असेल; पण प्रौढ वयातल्या जोडप्याने हे काम करावे, हे त्यांनाही कळले आहे. आयुष्याचा संसार करून झालेली माणसे दुसऱ्याच्या संसारात घाई करीत नाहीत.

बाबासाहेबांनी धम्मदीक्षेनंतर थोड्याच दिवसांनी महाबोधी सोसायटीचे देवप्रिय वलीसिंह यांना लिहिलेल्या पत्रात असाच विचार मांडला होता. भिक्खुसंघाने एकांतात न राहता ख्रिस्ती मिशनऱ्यांप्रमाणे समाजसेवक आणि समाजप्रबोधक झाले पाहिजे, असे त्यांचे मत होते. ही अपेक्षा त्यांनी संघाकडून केली होती. माझ्या मते, कुरुंद्याच्या या उपासक-उपासिकेने चीवर न घेता ती आपल्या परीने पुरी केली. त्यांनी कोणाच्या घरी प्रवचन केले नाही. वंदना घेतली ती सांगितली तरच. पण त्यांच्या येण्याजाण्याने किती घरांना धम्म म्हणजे काय ते समजले, याचा हिशेब त्या दोनशेपानी वहीत लिहिलेला नाही.

मामा काही वर्षांपूर्वी गेले. मामींना आता लांब जाववत नाही. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीने कुरुंद्यात पुराचे पाणी शिरले, तेव्हा अनेक घरांतले धान्य, अंथरूण-पांघरूण आणि कागदपत्रे भिजून गेली. पाणी ओसरल्यावर तीन-चार माजी सैनिकांच्या घरची माणसे मामींकडे आली. मामींनी माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली काढायला लावली. तिच्यात प्लास्टिकच्या पिशव्यांत, घरागणिक वेगळ्या, पेन्शनच्या आदेशांच्या, सेवापुस्तकांच्या आणि जन्मदाखल्यांच्या झेरॉक्स प्रती होत्या. मामांनी प्रत्येक घराची एक प्रत स्वतःकडे ठेवली होती. आणि मामींनी मामांच्या माघारी ती पेटी दर उन्हाळ्यात उन्हात घातली होती.

आज जवानाच्या हातात मोबाइल आहे, बायको रोज चेहरा पाहू शकते, पेन्शनचे काम संगणकावर होते. म्हणून आता कोणी घरी जाण्याची गरज उरली नाही, असे काहींना वाटेल. पण मोबाइलवर बोलताना दोघेही आपापले चेहरे हसरे ठेवतात. 'बाळ खुशाल आहे' हे वाक्य आता पत्राऐवजी पडद्यावर म्हटले जाते, एवढाच फरक. सीमेवर मोहीम सुरू झाली की तो पडदाही आठवडेच्या आठवडे काळा राहतो, आणि समाजमाध्यमांवरची अफवा पोलिसांच्या जीपपेक्षा लवकर गावात शिरते. संगणकावरच्या अर्जात वेलांटी चुकली, तर अर्ज आजही परत येतो.

आपल्या शाळेतून शिकून सैन्यात आणि निमलष्करी दलांत गेलेल्या मुलामुलींची संख्या लहान नाही. निवृत्त झालेले शिक्षक, सैनिक, परिचारिका आणि त्यांचे जोडीदारही आपल्या माजी विद्यार्थ्यांत आहेत. या स्मरणिकेच्या निमित्ताने माझी शाळेला आणि माजी विद्यार्थी मंडळाला नम्र विनंती आहे की, अशी एक वही आपण पुन्हा सुरू करावी. प्रत्येक सैनिकाच्या घराला एक पान असावे, प्रत्येक पानापुढे एका जोडप्याचे नाव असावे, आणि त्या जोडप्याने महिन्यातून एकदा त्या घरी जावे. निधी लागणार नाही, व्यासपीठ लागणार नाही. पालकभेटीच्या रविवारी ज्या मुलाचे कोणी येणार नसेल, त्याच्याजवळ ओट्यावर बसायला दोन माणसे असावीत.

वही कोठून आणायची, याची चिंता नको. मामींकडे जुन्या वहीची बरीच पाने अजून कोरी आहेत, आणि ती द्यायला त्या तयार आहेत.

नमो बुद्धाय! जय भीम!